राजगडावर, सूर्याकडे पाठ करून

प्रिय पोरी,

तुझे राजगडाचे फोटो काल रात्री निवांत पाहिले. निम्म्याहून जास्त फोटोंत सूर्यच आहे. सुवेळा माचीमागून वर येणारा, लालभडक, आणि पुढ्यात काळीठिक्कर पडलेली माची. वाईट नाहीत गं. पण त्या सकाळी बालेकिल्ल्यावर जेवढे लोक असतील, तेवढ्या मोबाइलांत तो सूर्य आहेच की.

माझंही हेच झालं होतं, म्हणून हक्काने सांगतोय. फिल्मच्या रोलचे दिवस. ३६ फोटो, दुसरा रोल घ्यायची ऐपत नाही. पद्मावती माचीवर कुडकुडत रात्र काढली, पहाटे टॉर्च तोंडात धरून बालेकिल्ला चढलो आणि सूर्य हातभर वर येईस्तोवर रोल संपवून बसलो. पाणी प्यायला मागे वळलो, तर बालेकिल्ल्याची सावली पार तोरण्याच्या रोखाने पसरलेली! दरीतल्या धुरकट हवेत तिचं निमुळतं टोक स्वच्छ दिसत होतं. कॅमेरा रिकामा. पुढचा पाऊण तास ती सावली आखडत गडाच्या पायथ्याशी येताना नुसता बघत बसलो.

डिसेंबर होता. त्या दिवसांत सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि तोरणा राजगडाच्या पश्चिमेला, जरा उत्तरेकडे कललेला, त्यामुळे रेघ जुळते. मार्चअखेर गेलीस तर सावली सरळ पश्चिमेला जाईल. तेव्हा निघण्याआधी नकाशा उघडून बस. हवामानाच्या ॲपपेक्षा मला त्याचा उपयोग जास्त झालाय.

मग संजीवनी माची. तिची दुहेरी तटबंदी तू पाहिलीसच, पण दुपारी, म्हणून ती तुझ्या फोटोत सपाट पडली. सकाळचं तिरपं ऊन आधी तटाच्या माथ्यावर टेकतं. दोन तटांमधल्या चिंचोळ्या बोळात काळोख तसाच असतो. वरून बघ: उजेडाच्या दोन रेघा आणि मधे काजळाची एक. बुरुजापाशी ती काजळरेघ वळते, तिथे लांब लेन्स लाव आणि थांब. ऊन चढेल तशी ती बारीक होत जाते. कुठल्या क्षणी बटण दाबायचं ते मी सांगणार नाही, मलाही दरवेळी वेगळंच वाटतं.

पावसाळ्यातल्या फोटोंत धुकं राखाडी आलंय. तो दोष तुझा नाही, पांढरं दिसलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर घाबरून उजेड कमी करतो. एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट, बस. ट्रायपॉडला दगडांची पिशवी अडकवत जा, माचीवरचा वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

आणि ते रंग वाढवणं आवर बाई. आपला कातळ काळा आहे. ओला झाला की निळसर काळा, उन्हात तपकिरी. तुझ्या तिसऱ्या फोटोत तो जांभळा झालाय. कारवी फुलली असती तर एक वेळ समजलो असतो.

पुढच्या खेपेला १०० फोटो पाठवू नकोस. दहाच पाठव, सूर्य नसलेले. सूर्याचा एखादा काढशीलच, तो आईला दाखव.

तुझा,
काका