ती कुत्री दूर सोडू नका, आधी त्यांचे कान बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की नांदेडला भाड्याच्या घरासमोर रात्री एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत कुत्री भुंकतात, पाच महिन्यांचं लेकरू दचकून उठतं, आणि आता गल्ली वर्गणी काढून टेम्पोनं ती कुत्री लांब माळावर सोडणार आहे. हे शेवटचं वाचून राहवलं नाही. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

आमचं बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडिलांना अर्धांगवायू झालेला, त्यांचा डोळा लागायचा अन् भुंकणं सुरू व्हायचं. ज्या कार्यालयाचं हे काम, तिथं तीनदा अर्ज दिले. पहिल्याची पोच घेतली नव्हती, म्हणून तो आलाच नाही असं ठरलं. दुसऱ्यावर "गाडी बंद आहे". तिसऱ्या वेळी टेबलावरचा माणूस म्हणाला, "तुम्हीच सोडून या की कुठंतरी." साहेबच म्हणतोय तर चालत असंल, असं मी धरलं. सात कुत्री चौदा किलोमीटरवरच्या तलावापाशी सोडली.

आठ दिवस शांत गेले. मग पलीकडच्या वस्तीतली चार आली, मागून आणखी तीन. गल्ली मोकळी, आणि कोपऱ्यावर कोंबडीच्या दुकानाची आतडी-पिसं रोज तशीच पडलेली. ती जागा रिकामी राहणारच नव्हती. जुनी कुत्री आम्हाला आणि एकमेकांना ओळखायची, अनोळखी माणूस दिसला तरच भुंकायची. नवी रात्रभर हद्दीवरून भांडायची. शेजारच्या पोराच्या पोटरीला चावा बसला, त्याच्या सुयांसाठी चकरा झाल्या त्या वेगळ्याच.

सगळ्यात वाईट पुढं कळलं. सोडून दिलेल्यांपैकी दोघींच्या कानाला खाच होती. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की ही खूण करतात, मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्या पिल्लं घालणार नव्हत्या, त्याच मी नेल्या. त्यातली काळी वडिलांच्या हातची भाकरी खायची. दोनदा तलावावर जाऊन हाका मारून आलो, सापडली नाही. वडिलांना शेवटपर्यंत खरं सांगू शकलो नाही.

मी वकील नाही, पण 2001 च्या नियमांत होतं आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही आहे: नसबंदी करून कुत्रं जिथून धरलं तिथंच सोडायचं. 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्यासाठी वेगळा आदेश दिला, पण तो साध्या गल्लीसाठी नाही. कोणी विषाची भाषा काढली तर तिथल्या तिथं अडवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि विषाच्या गोळीला लेकरू हात लावणार नाही याची हमी कोण देणार?

आम्हाला उपयोग झाला तो वहीचा. आठ रात्री वेळ लिहून ठेवली. सव्वाच्या सुमारास खानावळीचं उरलेलं रस्त्यावर पडायचं, साडेतीनला दुधाची गाडी. खानावळवाल्याला झाकणाचा पिंप दिला, कोंबडीवाल्याला दुकान बंद करायच्या आधीच कचरा न्यायला लावला. दोघंही आधी चिडले. गल्लीतल्या एक काकू भाकरी टाकायच्या, त्यांनी ती रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला, घरांपासून लांब टाकायला सुरुवात केली. भुंकणं बंद नाही झालं, पण वडील सलग चार तास झोपू लागले. तुमच्याकडं असंच होईल असं म्हणत नाही.

दारासमोर लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवू नका, आमच्या बाटल्यांजवळच कुत्री झोपायची. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना काही लावू नका.

नसबंदीचा अर्ज गल्लीच्या सह्यांनी, दोन प्रतींत द्या आणि एकीवर शिक्का व तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. भादव्यात कुत्र्यांचा जोर वाढतो, तेव्हा अर्ज त्याच्या बराच आधी गेलेला बरा. आणि टेम्पोवाल्याला आजच नको म्हणून सांगा.