थंडीत चोक ओढला की गळणारे पेट्रोल

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यात कोलशेतच्या सोसायटीत उभी असणारी आपली १९६९ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार डिसेंबरपासून रोज सकाळी सुरू करताना पेट्रोलचा वास येतो, बोनेटखाली डाव्या बाजूला जमिनीवर तळहाताएवढा ओला डाग पडतो आणि दहा वाजेपर्यंत तो वाळून जातो. मिस्त्रींनी थंडीने रबर आक्रसल्याचे निदान करून सगळे क्लॅम्प आवळून दिले, तरीही डाग पडतोच, आणि जानेवारीतल्या रॅलीला गाडी न्यावी की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

उत्तराआधी एक विनंती. हा डाग पडायचा थांबेपर्यंत गाडी कृपया सुरू करू नका. या इंजिनात दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग) एकाच, म्हणजे डाव्या अंगाला आहेत. कार्ब्युरेटर वर आणि तापणारे लोखंड खाली, मध्ये पत्र्याची एक ढाल, एवढाच आडोसा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत उताराच्या दिशेने सरकत जाते. आपल्या पार्किंगचा उतार फाटकाकडे असेल, तर या दिवसांत तिथे पहाटे वॉचमनची शेकोटी पेटलेली असते, हे लक्षात घ्या. मी ही गोष्ट तर्काने लिहीत नाही. आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एका पहाटे मी स्वतः धावत जाऊन अशी शेकोटी विझवायला लावली होती, आणि वास माझ्याच गाडीचा होता.

आता निदानाकडे वळू. थंडीने रबर आक्रसते हे खरे असले, तरी ठाण्याची थंडी ती कितीशी? पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की आपण स्वेटर काढतो. तेवढ्याने धड रबर गळू लागत नाही. माझ्या मते थंडी येथे निमित्तमात्र आहे आणि खरा धागा चोकचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आपण जी दांडी ओढतो तिचा, आहे. आपल्या गाडीतील एचएस४ जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप नसते. चोक ओढला की जेट, म्हणजे पेट्रोल वर सोडणारी बारीक तोटी, खाली सरकते, तिच्यात उतरलेली सुई आणि जेट यांमधली फट वाढते आणि मिश्रण दाट होते. फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरला लागून पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, बुडातून या जेटकडे पेट्रोल नेणारी एक बारीक नायलॉनची नळी असते, आणि ती चेंबरला जिथे मिळते तिथे गळती अडवणारा एक छोटा रबरी ग्लँड, वॉशर आणि नट असतो. जेट खाली सरकले की नळी वाकते आणि तिचे दुसरे टोक या ग्लँडमध्ये किंचित तिरके होते. ग्लँड मऊ असेल तर तो नळीबरोबर हलतो. दगड झालेला असेल तर एका बाजूने केसाएवढी फट पडते. आणि फ्लोट चेंबरमधले सगळे पेट्रोल नेमके त्याच्याच डोक्यावर उभे असते.

मग हे थंडीतच का होते? चोकच्या दांडीचा पहिला, साधारण पाव इंचाचा प्रवास फक्त थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप, किंचित उघडतो. जेट त्यानंतर हलू लागते. एप्रिल-मेमध्ये आपण बहुधा त्या पाव इंचातच काम भागवत असणार. डिसेंबरमध्ये दांडी पूर्ण ओढावी लागते आणि एक-दोन मिनिटे तशीच ठेवावी लागते. इंजिन तापले, दांडी आत गेली, नळी सरळ झाली, गळती थांबली आणि डाग वाळला. आपण वर्णन केलेली वेळ या क्रमाशी तंतोतंत जुळते. शिवाय आपण लिहिले आहे की पावसाळ्यात चार महिने गाडी हललीच नव्हती. उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून जाते, ग्लँड कोरडा पडून आक्रसतो आणि कडक होतो. त्यात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पूर्वीपेक्षा बरेच इथेनॉल असते. २०२३ पासून ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, येऊ लागले आणि आता ते सर्रास झाले आहे. साठच्या दशकातील रबर या द्रावणासाठी घडवलेले नव्हते. ते आधी फुगते आणि वाळले की चिरते.

हे सर्व अंदाजावर मान्य करू नका. बोनेट उघडा, गाडी थंड असू द्या, दोन्ही फ्लोट चेंबरची बुडे आणि नळ्या फडक्याने कोरड्या पुसा आणि त्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर मारा. (घरात रांगोळी हाताशी असते, पण ती वापरू नका, ती दगडाची भुकटी आहे आणि कार्ब्युरेटरच्या वाटेला तिने जाऊ नये.) कार्ब्युरेटरखाली वर्तमानपत्राचा कोरा भाग पसरा. आता इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि मागे कान द्या. एसयूचा विजेचा पंप टक-टक करत चेंबर भरेल आणि काही सेकंदांत गप्प होईल. तो गप्प झालाच नाही, तर चेंबर भरल्यावर पेट्रोल थांबवणारा निडल व्हॉल्व्ह बंद होत नाही, किंवा पुढे कुठे मोठी गळती आहे, किंवा मागच्या बाजूने पंप हवा ओढतो आहे. निडल व्हॉल्व्हचा दोष असेल तर पेट्रोल चेंबरच्या झाकणाला लागलेल्या ओव्हरफ्लो नळीतून खाली टपकेल, बुडाशी नव्हे. पंप गप्प झाला आणि कागद कोरडा राहिला, तर इग्निशन बंद करा, चोकची दांडी पूर्ण ओढा आणि पाच मिनिटे पाहत राहा. चेंबरच्या बुडाशी नटाच्या कडेने पांढरी पावडर आधी करडी होते, मग तिथे मुगाच्या दाण्याएवढा थेंब लोंबतो. माझ्या गाडीत तो पडायला चाळीस सेकंद लागले होते.

असे झाले, तर तो नट आणखी आवळण्याचा मोह आवरा. कडक झालेला ग्लँड दाबला की नळीच चेपते, आणि मिस्त्रींनी आजवर जे केले त्याचीच ती पुढची पायरी ठरेल. ग्लँड आणि नळीसकट पूर्ण जेट बदलणे हाच उपाय आहे. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचे जेट वेगवेगळे असतात, तेव्हा मागवताना दोन्ही नीट सांगा आणि इथेनॉलला टिकणारे रबर आहे ना, ते विचारून घ्या.

कामाला हात घालण्याआधी बॅटरी सोडा. आपल्या गाडीत आसनांमागच्या पत्र्याखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि पंप उजव्या बॅटरीच्या पेटीलाच खेटून असतो, म्हणून अर्थची तार सुटल्याखेरीज पेट्रोलच्या कोणत्याही नळीला पाना लावू नये. काम सोसायटीच्या तळघरात मुळीच करू नका. उघड्यावर, दिवसा करा आणि ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा.

एअर क्लीनर काढल्यावर जेटच्या डोक्याला चोकची जी कडी लागलेली असते, तिचा बारीक स्क्रू सोडवा, चेंबरच्या बुडाचा नट सोडवा आणि जेट नळीसह खाली ओढून घ्या. मिश्रणाचे प्रमाण ठरवणारा, जेटखालचा नट मात्र फिरवू नका. फिरलाच, तर जेट वर पुलाशी (कार्ब्युरेटरच्या हवेच्या वाटेतला, जेट जिथे उघडते तो उंचवटा) समतल करून तो दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली घेतला की निदान गाडी सुरू होण्याजोगी स्थिती मिळते. नवी नळी बसवताना नट, वॉशर आणि ग्लँड या क्रमाने तिच्यावर चढवा आणि ग्लँडच्या पुढे नळीचे टोक किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर, बाहेर राहील असे पाहा. हे टोक आखूड राहिले की नवा ग्लँडही आठवडाभरात गळतो. हीच चूक मी पहिल्यांदा केली होती आणि दोष उगाच सुट्या भागाला देत बसलो होतो. नट ग्लँड दाबला जाईपर्यंतच आवळा. शेवटी सक्शन चेंबरमधला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वरच्या घुमटातला, सुई धरणारा पिस्टन बोटाने उचलून सोडा. पुलावर पडताना स्पष्ट ‘टक्’ ऐकू आले पाहिजे. ते आले नाही, तर सुई जेटला घासते आहे आणि जेट मध्यावर आणावे लागेल.

हात लागलेच आहेत, तर दोन्ही कार्ब्युरेटरकडे येणारे रबरी होजही बदला. होजवर ‘आर९’ असे छापलेले असावे. त्याच्या आत इथेनॉलला दाद न देणारे अस्तर असते. आतला व्यास व्हर्नियर मापीने मोजूनच घ्या, कारण आठ मिलिमीटरचा होज पाव इंची नळीवर चढवून क्लॅम्पने दाबणे म्हणजे सैल लेंग्याला नाडी आवळण्यासारखे आहे. दात्यांचे साधे क्लॅम्प रबरात रुततात; गुळगुळीत पट्टीचे, फ्युएल इंजेक्शनसाठीचे क्लॅम्प मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चौकशी केल्यास मिळतील.

बूटमध्ये, म्हणजे डिकीत, वास येतो का, हे आपण लिहिलेले नाही. टाकी पूर्ण भरल्यावरच तो येत असेल, तर ते दुखणे वेगळे आहे. या गाडीची टाकी बहुधा वरून सडते, कारण टाकी आणि बूटचा पत्रा यांच्या फटीत चिखल साचतो आणि आपल्याकडचा पावसाळा तो महिनोन्‌महिने ओला ठेवतो. मिस्त्री अशा ठिकाणी साबणाची वडी घासतात. घरापर्यंत पोहोचायला ते ठीक आहे, रॅलीला जायला नाही.

रॅलीबद्दल म्हणाल, तर जेट इंग्लंडहून वेळेत आले तर जा. ते बसवल्यावर सलग तीन पहाटे, इग्निशन चालू करून चेंबर भरू द्या, मग दांडी पूर्ण ओढून कागदाची तीच परीक्षा करा. तिसऱ्या दिवशीही कागद कोरडा असेल, तर इंजिन सुरू करायला हरकत नाही. तोवर चेंबर रिकामे करून ठेवा, बॅटरीची तार सुटीच राहू द्या आणि पहाटेच्या वॉचमनला एकदा समक्ष सांगून ठेवा.