सातव्या आठवड्यातले डाग आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या

अगं, तू लिहिलंयस त्यावरून एवढं कळलं: सातवा आठवडा चालू आहे, दोन दिवस तपकिरी डाग दिसतायत, सोनोग्राफीत ठोके दिसले आहेत, आणि मागच्या वर्षी एकदा गर्भ पडला होता. मॅडमनी प्रोजेस्टेरॉनच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ खालून, म्हणजे योनीमार्गात, ठेवायला दिल्यात. सासूबाई म्हणतात हार्मोन नकोत, नुसती झोपून राहा. तर गोळ्या घ्यायच्या का?

घे. तुझ्या बाबतीत त्या द्यायला कारण आहे.

गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरण्याचं काम प्रोजेस्टेरॉन करतं. सुरुवातीचे आठवडे ते अंडाशयातून येतं, मग हळूहळू वार ते काम हातात घेते. म्हणून पूर्वी डाग दिसले की सरसकट हे औषध दिलं जायचं. त्याचा उपयोग कुणाला होतो, हे ब्रिटनमधल्या ‘प्रिझम’ नावाच्या मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या 4153 बायका त्यात होत्या. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक थोडाच निघाला: 75 टक्के आणि 72 टक्के जिवंत जन्म, म्हणजे ठामपणे काही म्हणता येणार नाही इतका. पण आधी गर्भपात झालेल्यांमध्ये फायदा दिसला, आणि जितके जास्त गर्भपात तितका जास्त. तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांमध्ये 57 वरून 72 टक्के. ज्यांचा आधी एकही गर्भपात नव्हता त्यांच्यात काहीच फरक नाही. यावरूनच 2021 मध्ये उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने सल्ला बदलला: गर्भ गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसलं, रक्तस्राव आहे आणि आधी गर्भपात झालेला आहे, तर प्रोजेस्टेरॉन द्यावं, आणि ठोके दिसले तर 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं. तू नेमकी यात बसतेस. तिथे डोस 400 मिलिग्रॅम दोनदा असा आहे, तुझा कमी दिसतो. त्याबद्दल मॅडमना जरूर विचार, पण मनाने वाढवू नकोस.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो, आणि तिथे कुठलीही गोळी काही करू शकत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला मीही हीच औषधं घेतली होती आणि माझी मुलगी आता शाळेत जाते. ती गोळ्यांमुळे राहिली की तशीही राहिलीच असती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून एखादी गोळी चुकली तर स्वतःला बोल लावत बसू नकोस. पुढची वेळेवर घे, दोन एकदम नको.

आता रोजचं. याच कॅप्सूल काही जणींना तोंडानेही घ्यायला सांगतात, त्यामुळे चिठ्ठीत काय लिहिलंय ते नीट बघ. तोंडाने घेतल्या तर चक्कर आणि झोप जास्त येते. खालून ठेवताना हात धुऊन, गोळी बोटाने जाईल तितकी आत सरकवायची आणि अर्धा तास आडवं पडायचं. नंतर पांढरट, तेलकट स्राव बाहेर येतो. जुना तपकिरी डाग त्यात मिसळला की पॅडवर तो पसरट आणि बराच जास्त दिसतो. गोळी वाहून गेली असं वाटतं, पण तो बाहेरचा भाग असतो, औषध शोषलं गेलेलं असतं. पातळ लायनर वापर. डाग चालू असतानाही गोळी ठेवता येते. पोट फुगणं, स्तन दुखणं, बद्धकोष्ठता हे या औषधानेही होतं, म्हणून ‘लक्षणं आहेत म्हणजे सगळं ठीक’ असं धरू नकोस. पुढची सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण वाढ थांबली तरी गोळ्या चालू असताना रक्तस्राव लांबू शकतो.

झोपून राहण्याबद्दल सासूबाईंना प्रेमाने सांग की त्याने गर्भ टिकतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. जड उचलू नकोस, दमलीस तर पड, पण उठून स्वयंपाक केला म्हणून किंवा जिना चढलीस म्हणून काही होत नाही. त्यांची काळजी खरी आहे, त्यांना पुढच्या सोनोग्राफीला सोबत घेऊन जा.

लाल रक्त वाढून तासाभरात पॅड भिजायला लागला, एका बाजूला पोटात जोरात कळ आली, खांद्याच्या टोकाला दुखलं, घेरी आली किंवा ताप आला, तर रात्र असली तरी लगेच निघायचं. ज्या मैत्रिणींना सोनोग्राफी न करताच फोनवर गोळ्या सांगितल्या गेल्यात त्यांनी हे जास्तच लक्षात ठेवा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असला तर या गोळ्यांचा काही उपयोग नाही, आणि उशीर जिवावर बेततो.

पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारून घे: गोळ्या कोणत्या आठवड्यापर्यंत, आणि तुझा रक्तगट. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात) गरज आहे का, तेही तिथेच विचार. सगळ्यांनाच ते लागतं असं नाही. फॉलिक अ‍ॅसिड चालूच ठेव.