गावाचं भूजल सगळे मिळून खरंच जपतात का, की शेवटी जो तो बोअर मारतो?
जपतात, पण नुसत्या चांगुलपणावर नाही. पाणी मोजून नियम सगळ्यांना सारखा लावला तरच. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पर्जन्यमापकाचा आकडा धरून तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळीही बंद. शेजारी रातोरात बोअर मारणार नाही अशी खात्री असली की आपणही थांबतो, स्वार्थ तिथेही आहेच (का नसावा?), फक्त त्याला घाई उरत नाही. मात्र हे हजार-बाराशे वस्तीच्या गावात जमलं, जिथे कोणाची मोटर किती चालते ते सगळ्यांना दिसतं. एकाच कालव्यावरच्या पन्नास गावांना हे असंच्या असं लागू पडेल असं धरू नका.