प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये (बिशप नसलेली एक प्रोटेस्टंट परंपरा) कुठल्या मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदांना, कोणता पाळक (धर्मगुरू) हे कोण ठरवतं? पगार कोण देतं?

चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन चर्चचं सांगतो, तिथे पाळक मंडळी स्वतः निवडते पण मंजुरी प्रेस्बिटरीची, म्हणजे त्या भागातले पाळक आणि एल्डर (मंडळ्यांचे जबाबदार ज्येष्ठ सभासद) यांच्या सभेची, लागते, आणि पगार मध्यवर्ती फंडातून येतो. हे त्यांच्या नियमांतच आहे. जागा रिकामी झाली की प्रेस्बिटरी देखरेखीला तात्पुरता एक जण नेमते, मग मंडळी स्वतःची शोध कमिटी निवडते, कमिटी एकच नाव पुढे आणते, तो माणूस रविवारी येऊन उपदेश करतो आणि लगेच गुप्त मतदान. मात्र ती जागा भरायची की शेजारच्या मंडळीशी जोडायची हे प्रेस्बिटरीचा प्लॅन ठरवतो, आणि सध्या पाळकच कमी असल्याने जोडण्याकडे कल जास्त आहे. प्रत्येक मंडळी उत्पन्नाप्रमाणे फंडात पैसे भरते, त्यामुळे गरीब वस्तीतल्या पाळकालाही त्याच स्केलने पगार मिळतो, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. राहायला घर शक्यतो मंडळीच देते.

फक्त हे महाराष्ट्राला लावू नका, इथल्या बऱ्याच प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्या 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, तिथे बिशप असतात आणि पाळकांच्या बदल्या होतात.