'काले दुकान बंध' आणि तुमची लेक

ताई,

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला यंत्र-भाषांतरात काम करायचंय. तुम्ही विचारता, मोबाइलच सगळं भाषांतर करून देतो, मग हिच्यासाठी काय उरलं?

बाजारातली एखादी पाटी घ्या: 'काले दुकान बंध'. गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही. मराठीत दोन्हींतलं एक निवडावंच लागतं. तुमची लेक पटकन 'उद्या' म्हणेल, कारण काल बंद होतं हे सांगायला कुणी पाटी लावत नाही. ही समज यंत्रात उतरवायची, हेच तर तिचं काम! शिवाय गुजराती-मराठी अशी थेट जोडवाक्यं, म्हणजे एकाच अर्थाची दोन्ही भाषांतली वाक्यं, कमी, म्हणून भाषांतर पुष्कळदा इंग्रजीतून फिरून येतं. 'फोई'ची 'आंट' होते, आणि मराठीत पोचेपर्यंत आत्याची मावशी होऊन बसते.

जोडवाक्यं जमवणं, चुकीची गाळणं, 'घरासमोरच्यांनासुद्धा'सारख्या शब्दाचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवणं, चुका मोजणं, यात संगणकवाल्यांचे दिवसच्या दिवस जातात. त्या वाक्यांवरून भाषांतर शिकणारं मॉडेल चालवून बघणं त्यामानाने लवकर उरकतं. दोन्ही भाषा घरात असलेला इंजिनिअर इथे मला फार मोलाचा वाटतो. बडोद्याला ही तळमळ जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला.

नोकरीचं स्पष्ट सांगते. निव्वळ भाषांतरयंत्र घडवणाऱ्या जागा थोड्या, आणि संशोधनाकडे जायचं तर एम.टेक. हवं. त्यासाठी गेट या प्रवेशपरीक्षेची तयारी आत्तापासून करावी. आयआयटी मुंबई, हैदराबादची ट्रिपलआयटी आणि आयआयटी मद्रासचं एआयफोरभारत हे संशोधनकेंद्र इथे भारतीय भाषांवर भक्कम काम चालतं. एआयफोरभारतचं इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचं मॉडेल तर २२ भारतीय भाषांचं आहे. पण हेच कौशल्य आवाज ओळखणं, चॅटबॉट, शोधयंत्रं यांतही लागतं, म्हणून दार एकच नाही. पायथन, संभाव्यता आणि रेषीय बीजगणित पक्कं करावं, मग आजची भाषांतरयंत्रं जिच्यावर उभी आहेत ती २०१७ ची ट्रान्सफॉर्मर रचना नीट समजून घ्यावी.

आणि या सुट्टीत तिने घरातली, बाजारातली तीनशे गुजराती वाक्यं वहीत उतरवावीत. मोबाइलकडून त्यांचं मराठी करून घ्यावं आणि घरात आजी आहेत म्हणता, त्यांना वाचून दाखवावं. आजी जिथे अडतील तिथे खूण करावी, आणि यंत्र नेमकं का चुकलं ते शेजारी लिहावं. ती वही झाली की मला जरूर पाठवा.