नवतपात बॉल पायथनच्या पेटीतला ओलावा

भाऊ, तुझ्या बॉल पायथनची (पाळीव अजगराची) कात तुकड्यातुकड्यांनी निघते म्हणजे पेटीतली हवा कोरडी पडली. बॉल पायथनला ६० ते ७५ टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात नुसत्या फवाऱ्यानं ती टिकत नाही, पाणी लगेच उडून जातं.

तळाला ८ सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाल आणि पाणी चारही कोपऱ्यांत थोडं थोडं ओत. खालचं मूठभर कोकोपीट दाबून बघ: गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. वरचा थर कोरडाच हवा. पोटाखाली सतत ओल राहिली की खवले लाल होऊन फोड येतात. जाळीचं झाकण दोन-तृतीयांश अ‍ॅक्रिलिकनं झाक.

हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, आधी तपास. बाटलीच्या झाकणात मीठ घे, चार थेंब पाण्यानं रवाळ ओलं कर आणि मीटरसोबत बंद डब्यात आठ तास ठेव. ७५ दाखवायला हवं. फरक असेल तो लिहून ठेव.

कूलर खोलीत चालू दे, झोत पेटीवर नको. गरम बाजू ३२ अंश, गार बाजू २७ च्या आसपास. लोडशेडिंगमध्ये गार बाजूही तापली, तर ओलाव्याचं नंतर, आधी पेटी थंड खोलीत हलव.

अडकलेली कात ओढू नको, डोळ्यावरची तर मुळीच नाही. ओलं शेवाळ भरलेला, भोक पाडलेला डबा आत ठेव, साप स्वतः घासून कात काढतो.

पावसाळ्यात पाणी ओतणं थांबव, झाकण मोकळं कर. श्वासाला शिटी किंवा तोंडाला फेस दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठ.